एम खोडायचा आठवडा

आमचं आडनाव एमवरून सुरू होतं. कोणतं ते सांगत नाही. कोल्हापूरकडच्यांनी दोनचार अंदाज बांधावेत, त्यातला एखादा बरोबर निघेल.

२००६ च्या उन्हाळ्यात आम्ही ओहायोच्या राजधानीत, कोलंबसला आलो. बायको, वर्षाची मुलगी, चार बॅगा आणि एका विमा कंपनीतलं कंत्राटी काम. नोव्हेंबरातल्या एका सकाळी ऑफिसला निघालो तर टपालपेटीवरच्या आडनावाचं पहिलं अक्षर दिसेना. जवळ जाऊन पाहिलं, तर त्यावर लाल चिकटपट्टीची ठसठशीत फुली. पोटात गोळाच आला. नवा देश, नवी वस्ती, आपलं तोंड सावळं. नाही नाही ते मनात यायला वेळ लागत नाही. मग गल्लीच्या टोकाला चर्चच्या फलकावर तशीच फुली दिसली. पुढे दवाखान्याच्या पाटीवर दोन. विद्यापीठाच्या बाजूनं गाडी घातली तर इमारतींच्या नावांमधले झाडून सगळे एम खोडलेले.

संध्याकाळी शेजारचे म्हातारेबुवा हातात चिकटपट्टीचं रीळ घेऊनच भेटले. म्हणाले, "तुझ्यावर राग नाही, अक्षरावर आहे. रविवारी मीच काढीन." कारण विचारलं, तर शनिवारी 'त्या उत्तरेकडच्या टीम'शी सामना आहे म्हणाले. कुठली टीम? उत्तरेकडची. नाव काय तिचं? बुवा नुसतेच हसले. माझी आजी आजोबांचं नाव कधी घेत नसे, अगदीच वेळ आली तर 'ह्यांनी' म्हणून भागवायची. तिचं ते आदरापोटी होतं. बुवांचं कशापोटी होतं, ते समजायला मला बरीच वर्षं लागली. ती टीम म्हणजे उत्तरेकडच्या शेजारी राज्याच्या विद्यापीठाची, मिशिगनची. मिशिगन हा शब्द त्यांच्या तोंडून मी आजतागायत ऐकलेला नाही.

त्या खेळाबद्दल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलबद्दल, माझं मत तेव्हा फारसं चांगलं नव्हतं. मी शिवाजी पेठेतला. शाहू स्टेडियमच्या गॅलरीत शेंगा फोडत फुटबॉल बघून मोठा झालेला. ज्या खेळात चेंडू काखेत मारून पळतात, पाय लावायची वेळ क्वचित येते आणि दर दहा सेकंदांनी सगळे उभे राहून खलबतं करतात, त्याला फुटबॉल म्हणायला जीभ रेटेना. पण त्या शनिवारी बुवांनी घरी बोलावलं. नाही कसं म्हणणार?

ती तारीख १८ नोव्हेंबर २००६. ओहायो स्टेट, म्हणजे कोलंबसच्या विद्यापीठाची टीम, देशात पहिल्या क्रमांकावर, मिशिगन दुसऱ्या. दोन्ही टीम तोपर्यंत एकही सामना हरलेल्या नव्हत्या. आणि आदल्याच दिवशी मिशिगनचे जुने कोच बो शेंबेक्लर वारले होते. सामन्याआधी स्टेडियममध्ये त्यांच्यासाठी शांतता पाळली, तेव्हा टीव्हीसमोर बसलेले बुवा उठून उभे राहिले आणि त्यांनी डोक्यावरची लाल टोपी काढली. ज्या टीमचं नाव घ्यायचं नाही, तिच्या कोचसाठी. मीही उठलो, कुणासाठी ते ठाऊक नसताना.

पुढे कळलं ते असं. ओहायो स्टेटचे वुडी हेस म्हणजे उस्ताद, आणि बो त्यांचा पठ्ठा. आधी त्यांच्या हाताखाली खेळलेला, मग त्यांचा सहायक झालेला. १९६९ साली बो मिशिगनचे कोच झाले आणि पहिल्याच वर्षी, सलग २२ सामने जिंकत आलेल्या उस्तादाच्या टीमला २४-१२ नं लोळवलं. त्या सामन्यापासून दहा वर्षं दोघं एकमेकांसमोर उभे ठाकले. त्यात पठ्ठ्यानं ५ जिंकले, उस्तादानं ४, एक बरोबरीत सुटला. तालमीतल्या माणसाला याहून अधिक काही समजावून सांगायची गरज नाही. २००६ चा तो सामना ओहायो स्टेटनं ४२-३९ असा मारला. बुवांनी मला मिठी मारली आणि खिशातून काढून एक तपकिरी बी हातावर ठेवली. बकाय हे ओहायोचं झाड, तिथल्या माणसांचं टोपणनाव आणि टीमचंही. कच्ची बी विषारी असते. खायची नाही, नुसती खिशात ठेवायची.

बुवा टोलीडोचे. नकाशात बघा, ओहायोच्या अगदी वरच्या कडेला, मिशिगनच्या सीमेला चिकटून. तिथं एकाच घरात दोन रंगांचे झेंडे असतात. बुवांचा सख्खा भाऊ मिशिगनवाला आणि वर्षातून एक आठवडा दोघांत अबोला. टोलीडोचं युद्ध ते असं सांगतात, जसा काही त्यांचा चुलता त्यात लढला होता. १८३५ साली मिशिगन अजून राज्य झालेलं नव्हतं, आणि मॉमी नदीच्या मुखाजवळच्या साधारण ४६८ चौरस मैलांच्या पट्टीवर दोघांनी हक्क सांगितला. दोन्हीकडून शिबंदी गोळा झाली, बंदुका निघाल्या, शिव्यागाळी झाली. आणि सगळ्या युद्धात जखमी किती? एक. मिशिगनचा एक डेप्युटी शेरीफ टोलीडोत अटक करायला गेला, तर स्टिकनी नावाच्या घरातल्या मुलानं त्याला लेखणी तासायच्या चाकूनं भोसकलं. मुलाचं नाव 'टू'. मोठ्या भावाचं नाव 'वन'. बापानं मुलांना एक-दोन असे आकडेच दिले होते. ही गोष्ट मी कोल्हापूरला फोनवर सांगितली तेव्हा मित्र म्हणाला, "तिसऱ्याला काय दशमान लावलं काय?"

शेवटी टोलीडो ओहायोला मिळालं. मिशिगनला बदल्यात वरच्या द्वीपकल्पाचा मोठा भाग आणि १८३७ मध्ये राज्याचा दर्जा. त्या वेळी ते सगळे चडफडले, की जंगल गळ्यात मारलं. पुढे त्याच जंगलात तांबं आणि लोखंड निघालं. सीमाप्रश्न म्हटला की कोल्हापूरच्या माणसाचे कान आपोआप टवकारतात. बेळगाव-निपाणीचा विषय निघाल्याशिवाय आमच्याकडं एक लग्न पार पडत नाही. पण आमच्या सीमेवरचा राग कोर्टात आणि मोर्चात जिरतो. यांनी तो मैदानात आणून ठेवला आणि वर्षातून एक शनिवार त्याला नेमून दिला. मला ही सोय बरी वाटली. खरं सांगायचं तर हेवा वाटला.

मग माझाही नाद वाढला. पुढच्या दोनतीन हिवाळ्यांत नियम समजले, नियमांबरोबर शिव्याही. २००८ साली बुवांच्या मेहुण्याचं तिकीट मला मिळालं. ओहायो स्टेडियम १९२२ चं, घोड्याच्या नालासारखं, एक लाखाच्या वर माणसं बसणारं. अख्खं शाहू स्टेडियम त्यात सहज मावेल. सामना ४२-७ असा एकतर्फी झाला, तो आता आठवतही नाही. आठवतो तो बँड. मैदानावर एका रांगेत वाजवत वाजवत तो वळतो आणि चालता चालता अक्षराला अक्षर जोडत इंग्रजीत 'ओहायो' लिहीत जातो. हे १९३६ पासून चाललंय. अक्षरं पुरी होतात, पण आयवरचा टिंब राहिलेला असतो. मग भलंमोठं पितळी भोंग्याचं वाद्य अंगाभोवती घातलेला एकजण रांगेतून सुटतो, गुडघे छातीपर्यंत उचलत ठुमकत जातो, त्या रिकाम्या जागी उभा राहतो आणि कमरेत वाकून डावीकडं, उजवीकडं नमस्कार करतो. झाला टिंब. लाखभर माणसं रडवेली होऊन किंचाळतात. शेजारच्या अनोळखी बाईनं माझा हात घट्ट धरला होता. अनुस्वारासाठी एवढा जीव टाकणारी माणसं आपण मराठीतसुद्धा पाहिली नाहीत.

आता मुंबईच्या विमानतळावर लाल टोपी घालून उभा राहिलो की कुणीतरी लांबून ओरडतं, "ओ-एच!" आणि माझ्या तोंडून आपसूक जातं, "आय-ओ!" बाप्पाला मोरया आपोआप येतो तसंच.

हे सगळं कोल्हापूरच्या पोराला इतक्या लवकर कसं मानवलं, याचं उत्तर सोपं आहे. आमच्याकडं 'नाव काय' च्या आधी 'कुठल्या पेठेतला' विचारतात. पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार ही टीमची नावं. पण पाठीशी तालीम असते आणि तालमीच्या पाठीशी पेठ. पोरगं चालायला लागायच्या आधीच त्याची टीम ठरलेली असते. इथंही तसंच. अमेरिकेत पैसे देऊन खेळवलेला फुटबॉल लोकांच्या घरात शिरला त्याच्या कितीतरी आधी कॉलेजचा शिरला होता. पहिला सामना १८६९ चा, रटगर्स आणि प्रिन्स्टनमधला. व्यावसायिक लीग आली १९२० साली. ओहायो स्टेट १८७० मध्ये निघालं ते शेतकी आणि यंत्रविद्येचं कॉलेज म्हणून, केंद्रानं राज्यांना दिलेल्या जमिनीच्या पैशावर. म्हणजे शेतकऱ्यांच्या पोरांचं. जे कधी कॉलेजची पायरी चढले नाहीत, तेही 'आमचं कॉलेज' म्हणतात. बुवा स्वतः काचेच्या कारखान्यात होते. नेब्रास्कात तर व्यावसायिक टीमच नाही. तिथं विद्यापीठाच्या स्टेडियमची तिकिटं १९६२ पासून दर सामन्याला संपतात, आणि शनिवारी ते स्टेडियम लोकसंख्येत राज्यातलं तिसरं शहर होतं.

पण 'आमचं' म्हणजे कुणाचं, हा प्रश्न मला ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं घातला. तो कृष्णवर्णीय, अलाबामातल्या बर्मिंगहॅमचा. अलाबामाची टीम १९२६ मध्ये कॅलिफोर्नियात जाऊन रोझ बोल या मानाच्या सामन्यात वॉशिंग्टनला २०-१९ नं हरवून आली. दक्षिणेतल्या टीमला तिथं बोलावण्याची ती पहिलीच वेळ. परतीच्या गाडीला स्टेशना-स्टेशनावर गर्दी लोटली. यादवी युद्ध हरलेल्या मुलखाला साठ वर्षांनी मान वर करायला निमित्त मिळालं, असं आजही लिहितात. "त्या गर्दीत माझा आजा नव्हता," सहकारी म्हणाला. १२ सप्टेंबर १९७० ला सदर्न कॅलिफोर्नियाची टीम बर्मिंगहॅमला आली, तेव्हाही अलाबामाकडून मैदानात एकही काळा खेळाडू नव्हता. पाहुण्यांच्या सॅम कनिंगहॅमनं १३५ यार्ड पळून दोन टचडाउन केले. पाहुणे ४२-२१ नं जिंकले. सहकाऱ्याचे वडील त्या दिवशी स्वतःच्या घरात, स्वतःच्या राज्याविरुद्ध, रेडिओचा आवाज बारीक करून पाहुण्यांसाठी मुठी आवळत होते. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून आवाज बारीक.

हे ऐकलं आणि मला आई आठवली.

म्हणजे तुलना चुकीचीच आहे, त्या माणसाचं दुखणं कुठं आणि आमच्या घरातली गंमत कुठं. पण आवाज बारीक ठेवणं मला ओळखीचं होतं. वडील शिवाजी पेठेतले, शिवाजी तरुण मंडळाचे कट्टर. आई माहेरची मंगळवार पेठेतली, पाटाकडीलवाल्यांच्या घरातली. लग्न झालं, पेठ बदलली. सामन्याच्या दिवशी वडील, काका, आम्ही पोरं दुपारीच स्टेडियमवर. शिवाजी जिंकली तर रात्री गल्लीत गुलाल. पाटाकडीलकडून हरली, तर घरात कुणी बोलायचं नाही. आणि नेमका त्याच संध्याकाळी आईनं शिरा केलेला असायचा. साजूक तुपातला, वेलदोडा घातलेला. वडील एकदाच विचारायचे, "आज शिरा का?" आई म्हणायची, "रवा उरलेला, किडे पडतील म्हणून." वडील वाटी संपवायचे आणि उठताना म्हणायचे, "बेदाणे जास्त पडलेत." बस, एवढंच. हरण्याचा आणि शिऱ्याचा मेळ माझ्या डोक्यात बसला तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. वडिलांच्या डोक्यात तो लग्नाच्या पहिल्याच वर्षी बसला असणार.

मुलगी मात्र बुवांच्या मांडीवर वाढली. सात वर्षांची असताना, २०१२ च्या त्या आठवड्यात, तिनं स्वयंपाकघरातल्या बरण्यांवरचे एम खोडले. बायकोनं इंग्रजीत चिठ्ठ्या लावल्या होत्या: मोहरी, मेथी, मिरची, मसाला. चारींवर लाल मार्करनं फुल्या. बायकोनं त्या कधीच बदलल्या नाहीत. आमच्या फोडणीच्या निम्म्या जिनसा अजून बिनडोक्याच्या आहेत.

आणि २०२३ मध्ये त्याच मुलीला मिशिगनला प्रवेश मिळाला. तिला हवा तो विषय तिथं होता, थोडी शिष्यवृत्तीही मिळाली. बाकी परराज्याची फी काय असते ते विचारू नका. मला हसू येत होतं आणि घशात काहीतरी अडकलंही होतं. बुवांना सांगायचं धाडस मुलीनंच केलं. ते बराच वेळ गप्प बसले. दुसऱ्या दिवशी अभिनंदनाचं कार्ड आलं, आत डॉलरची नोट. कार्डावरच्या छापील मजकुरातला आणि स्वतःच्या हातानं लिहिलेल्यातला प्रत्येक एम लाल शाईनं खोडलेला. मुलीनं ते तिथल्या खोलीत भिंतीवर लावलंय.

मध्यंतरी हा खेळ पार बदलला. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात, २०२५ पासून विद्यापीठंही थेट वाटा देतात. पोरं एका कॉलेजातून दुसऱ्यात सर्रास उड्या मारतात. 'बिग टेन' नावाच्या गटात आता १८ टीम आहेत, त्यातल्या चार पॅसिफिकच्या काठावरच्या. शेजारच्या काऊंटीतलं पोर लाल जर्सीत बघण्याचे दिवस गेले, असं बुवा कुरकुरतात. मला त्यात फार दम वाटत नाही. कोल्हापुरातही बाहेरचे खेळाडू येऊन खेळून जातात, आणि गोल मारला की ते तेवढ्यापुरते पेठेतलेच होतात. माणूस कुठून आला हे बघायला गॅलरीला सवड नसते. सीमा बघायची असेल तर गॅलरीत बघावी, नाहीतर घरात.

वडील गेल्यानंतर आई २०२४ च्या दिवाळीनंतर आमच्याकडं आली. थँक्सगिव्हिंगला मुलगी घरी आली, ती सामन्यापर्यंत राहिली. ३० नोव्हेंबर, दुपारी बारा. दिवाणखान्यात एका टोकाला लाल टोपीतले बुवा, दुसऱ्या टोकाला पिवळ्या-निळ्यातली मुलगी, मध्ये शाल पांघरून आई. ओहायो स्टेट देशात दुसरी, स्वतःच्या मैदानावर. मिशिगनचं ते वर्ष वाईट गेलेलं, ६ जिंकलेले, ५ हरलेले. बुवा खुशीत होते. आईनं मला विचारलं, "ही पोरगी कुठल्या बाजूची?" मी सांगितलं. "आणि तू?" मी खिशातली बी काढून दाखवली. आईनं ती उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, "म्हणजे हिचं सासर-माहेर लग्नाआधीच वेगळं झालं."

सामना काही सुटेना. दहा-दहा. ४५ सेकंद राहिलेले असताना मिशिगनच्या पोरानं चेंडू खांबांमधून लाथाडला. निदान शेवट तरी पायानं झाला. १३-१०. मुलगी उभी राहिली, ओरडायला तोंड उघडलं, बुवांकडं बघितलं आणि तशीच खाली बसली. टीव्हीवर मिशिगनच्या खेळाडूंनी मैदानाच्या मधोमध झेंडा रोवायचा प्रयत्न केला आणि हाणामारी जुंपली. पोलिसांनी मिरचीचा फवारा मारला. नंतर दोन्ही विद्यापीठांना एकेक लाख डॉलर दंड झाला. आई चष्मा सावरत पुढं झुकून बघत होती. "आपल्यासारखंच की," ती म्हणाली. तिचा आवाज बरा खुललेला वाटला.

पुढे जानेवारीत ओहायो स्टेटनं नोत्र दामला ३४-२३ नं हरवून देशाचं विजेतेपदही मिळवलं. बुवांना शुभेच्छा द्यायला गेलो तर म्हणाले, "हो, हो. पण नोव्हेंबरातलं काय?" पण ते नंतरचं. त्या शनिवारी दिवाणखान्यात कुणीच बोलत नव्हतं. बुवांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती. मुलगी मोबाइलमध्ये डोकं घालून ओठ दाबत होती.

आई उठली. स्वयंपाकघरातून बरण्या सरकवल्याचा आवाज आला.

"रवा कुठं ठेवलायसा रे?" तिनं आतून विचारलं. "या बरण्यांवर सगळ्या फुल्याच हाईत."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी बुवांकडं. थोड्या वेळानं तुपात रवा भाजल्याचा वास आला, मग वेलदोड्याचा. आई चार वाट्या घेऊन आली. पहिली तिनं नातीच्या हातात दिली, दुसरी बुवांच्या. बुवांनी चमचाभर तोंडात घालून मान डोलावली, मग पुन्हा एक चमचा. हे कशाबद्दल म्हणून त्यांनी मला विचारलं. रवा उरला होता, असं सांगितलं.

माझ्या वाटीत बेदाणे जास्त पडले होते.